हात दिसला, रक्त दिसलं नाही

१४ जुलै २०२४, रविवार. पुण्यात दुपारपासून पाऊस लागून राहिला होता आणि आमच्या घरी तीन माणसं दोन खेळांसाठी जमली होती. संध्याकाळी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा पंधरावा टप्पा, पिरेनीजच्या डोंगरातला, शेवट प्लातो द बेयच्या घाटमाथ्यावर. रात्री साडेबाराला बर्लिनमध्ये युरोची फायनल, स्पेन आणि इंग्लंड. सायकलींसाठी माझा मित्र आला होता. आम्ही दोघं गेली दहा-बारा वर्षं रविवारी पहाटे डोणज्याच्या बाजूनं सिंहगड चढतो. चढताना बोलायला दम नसतो, म्हणून सगळं बोलणं वर, पिठलं-भाकरी समोर आल्यावर. फुटबॉलसाठी कोल्हापूरहून चुलतभाऊ आला होता. त्याला सायकलीत रस नाही, पण मॅचला वेळ होता म्हणून तोही समोर बसला.

शेवटच्या घाटात डेन्मार्कचा सायकलपटू विंगेगोर याच्या संघानं असा वेग लावला की मागचे एकेक करत गळत गेले. माथा दहाएक किलोमीटरवर असताना विंगेगोर स्वतः सुटला. पिवळ्या जर्सीतला, म्हणजे एकूण शर्यतीत आघाडीवर असलेला पोगाचार त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिला, बराच वेळ तसाच, आणि शेवटचे पाचेक किलोमीटर उरल्यावर पुढे निघून गेला. वर पोचला तेव्हा विंगेगोर एक मिनिट आठ सेकंद मागे होता.

चुलतभावानं टाळ्या वाजवल्या. माझेही हात वर आले होते, पण मित्राकडे लक्ष गेलं आणि ते तसेच राहिले. तो लाइटबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडत होता. घाट १५.८ किलोमीटर, सरासरी चढ ७.९ टक्के, म्हणजे साडेबाराशे मीटर उंची. वेळ चाळीस मिनिटांच्या आत. १९९८ मध्ये मार्को पान्तानी याच घाटावर जिंकला तेव्हा त्याला त्रेचाळीस मिनिटांहून जास्त लागली होती आणि तो विक्रम इतकी वर्षं टिकला होता. या खेपेला दुसरा आलेला विंगेगोरही पान्तानीच्या पुढे होता.

"मग रेकॉर्ड मोडलं की! भारी झालं," चुलतभाऊ म्हणाला.

आम्ही दोघं गप्प. सायकलिंग बघणाऱ्या माणसाला ही शांतता ओळखीची असते. दुसऱ्या कुठल्याही खेळात विक्रम मोडला की पेढे वाटतात. इथे विक्रम मोडला की आधी तो कोणाचा होता ते आठवतं.

प्लातो द बेयचा घाट टूरमध्ये पहिल्यांदा आला तो १९९८ मध्येच. त्याच वर्षी टूर सुरू व्हायच्या तोंडावर फेस्तिना संघाचा मालिशवाला विली वोएट बेल्जियम-फ्रान्स सीमेवर पकडला गेला. त्याच्या गाडीत ईपीओ हे रक्तवाढीचं औषध, ग्रोथ हॉर्मोन, टेस्टोस्टेरॉन असा साठा सापडला, आणि अख्खा संघ टूरमधून बाहेर काढला गेला. त्या सगळ्या गदारोळात पान्तानीनं या घाटावर टप्पा जिंकला आणि पुढे टूरही जिंकली. २०१३ मध्ये फ्रान्सच्या सिनेटनं जो अहवाल काढला, त्यात १९९८ च्या जपून ठेवलेल्या नमुन्यांची फेरतपासणी होती. पान्तानीच्या नमुन्यात ईपीओ होतं. तो त्या आधीच, २००४ मध्ये, रिमिनीच्या एका हॉटेलात एकटा मरून पडला होता. या घाटावर पुढचे दोन्ही विजय, २००२ आणि २००४, लान्स आर्मस्ट्राँगचे. उत्तेजकं घेतल्यामुळे आज ते रद्द आहेत. २००७ मध्ये आल्बेर्तो कोंतादोर जिंकला, ज्याचं २०१०चं विजेतेपद पुढे क्लेनब्युटेरॉल हे उत्तेजक सापडल्यानं गेलं. त्या दिवशी पिवळी जर्सी अंगात असलेला मिखाएल रासमुसेन तीनच दिवसांनी घरी पाठवला गेला, कारण चाचणीसाठी आपण कुठे असू याबद्दल तो खोटं बोलला होता. असा हा डोंगर. पोगाचारविरुद्ध एकही पुरावा नाही, एकही चाचणी तो नापास झालेला नाही. पण तो ज्या रस्त्यानं वर गेला, तो रस्ता आम्हाला माहीत आहे.

चुलतभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "असला कसला खेळ रे हा? निकाल कधी लागतो मग?"

तो सहज म्हणाला, पण मी त्यावरच अडकून बसलो.

आमच्या घरात निकाल म्हणजे काय हे तात्यांनी शिकवलं. तात्या माझे धाकटे काका, त्या चुलतभावाचे वडील. कोल्हापुरात पेठेच्या टीमकडून डिफेन्समध्ये खेळायचे. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस असल्या की आमच्या गल्लीत दुपारीच जेवणं उरकलेली असायची. मॅच दीड तासाची, भांडण आठवडाभराचं. पेनल्टी होती की नव्हती, ऑफसाईड होता की नव्हता, आणि सगळ्यांत जुनं भांडण: बॉल हाताला लागला की हात बॉलला? पानाच्या टपरीवर, तालमीच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत माणसं हात वर करून, कोपर वाकवून एकमेकांना तो क्षण पुन्हा करून दाखवायची. विरुद्ध पेठेतला माणूसही त्यात असायचा. वाद घालायला तो लागायचाच.

१९८६ ची ती मॅच मी तात्यांच्या मांडीला टेकून पाहिली. रात्री उशिरा, दूरदर्शनवर, शेजाऱ्यांच्या घरी, खोलीत किमान तीस माणसं. अर्जेंटिना आणि इंग्लंड. तात्या अर्जेंटिनाचे. मॅराडोनाचा पहिला गोल झाला आणि खोली उसळली. मग तोच गोल पुन्हा दाखवला आणि हात दिसला. मी दहा वर्षांचा, मलाही दिसला. मी विचारलं, "तात्या, हँड हाय की."

"हाय," तात्या म्हणाले. "पर पंचानं गोल दिला. म्हंजे गोल."

हे त्यांचं स्वतःचं तत्त्वज्ञान आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. नंतर फुटबॉलच्या सतरा नियमांचं पुस्तक हाती आलं तेव्हा पाचव्या नियमात तेच सापडलं: खेळातल्या घटनांबद्दल, गोल झाला की नाही याबद्दलसुद्धा, रेफरीचा निर्णय अखेरचा. ट्युनिशियाचे रेफरी अली बेन्नासूर यांना तो हात दिसला नाही, जगाला दिसला. गोल आजही गोल आहे. २०१० च्या विश्वचषकात उरुग्वेच्या सुआरेझनं घानाचा होणारा गोल रेषेवर दोन्ही हातांनी अडवला. त्याला लाल कार्ड मिळालं, घानाला पेनल्टी मिळाली, ग्यानचा फटका बारवर आदळला आणि नंतर टायब्रेकरमध्ये घाना हरला. नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालं होतं. तात्या मात्र त्या रात्री झोपले नाहीत. नियम बरोबर असतो आणि तरी पोटात तुटतं, हे फुटबॉलमध्ये होतं. पण ते उघड्यावर होतं. सगळ्यांनी एकच पाहिलेलं असतं, म्हणून भांडता येतं.

आता यंत्रं आली आहेत. त्या २०२४ च्या युरोत डेन्मार्कचा गोल एका पायाच्या बोटाएवढ्या ऑफसाईडवर रद्द झाला आणि काही मिनिटांतच चेंडूच्या आतल्या सेन्सरनं डेन्मार्कच्याच आंदरसनच्या बोटांचा स्पर्श पकडला. पडद्यावर हृदयाच्या आलेखासारखी रेघ उडाली आणि जर्मनीला पेनल्टी मिळाली. पुढच्याच फेरीत जर्मनीच्या मुसियालाचा फटका स्पेनच्या कुकुरेयाच्या हातावर आदळला, सगळ्या जगानं पाहिला, आणि पेनल्टी मिळाली नाही. चुलतभाऊ अजून त्यावर तापलेला होता. (त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, रेफरी समितीनं ती पेनल्टी द्यायला हवी होती असं मान्य केलं. निकाल अर्थातच तसाच राहिला.) माझं मत विचाराल तर यंत्रानं बोटभर ऑफसाईड मोजण्यात मला आनंद नाही. जो फायदा डोळ्यांना दिसत नाही, तो फायदा म्हणून मोजू नये. पण मोजला तरी तो त्याच रात्री, सगळ्यांसमोर मोजला जातो.

सायकलिंगमध्ये उलटं आहे. तिथे सगळं उघड्यावर दिसतं, रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस खेळाडूच्या घामाचा थेंब अंगावर घेऊ शकतो, आणि जे ठरवणारं असतं ते मात्र शिरांच्या आत असतं. ते बाहेर यायला वर्षं लागतात. डोळ्यांनी पाहिलेला मॅराडोनाचा हात टिकला. कुणालाच न दिसलेल्या रक्तापायी आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ही सात वर्षं पुसली गेली. त्या यादीत विजेत्याच्या जागी आज कुणाचंच नाव नाही. दुसऱ्याला पहिला करायचा तर दुसराही धुतल्या तांदळासारखा हवा ना.

त्या पुसलेल्या सात वर्षांतलं शेवटचं माझ्या घरातून गेलं आहे. म्हणून मला या विषयावर अलिप्तपणे बोलता येत नाही.

२००५ मध्ये तात्यांना कर्करोग निघाला. केमोथेरपी सुरू झाली आणि तो दणकट माणूस महिन्याभरात जिना चढताना मध्ये बसायला लागला. हिमोग्लोबिन उतरत सातावर आलं. तेव्हा डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलं. औषधवाल्यानं ते बर्फात घालून दिलं आणि घरी आम्ही ते फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवायचो. खोक्यावरचं नाव मी वाचलं आणि थबकलो. एरिथ्रोपोएटिन. ईपीओ. ज्या तीन अक्षरांसाठी मी पहाटे उठून बातम्या शोधायचो, ती आमच्या फ्रिजमध्ये होती.

शरीरात हे द्रव्य मूत्रपिंड तयार करतं आणि अस्थिमज्जेला सांगतं, तांबड्या पेशी वाढव. किडनीच्या आणि कर्करोगाच्या पेशंटांसाठी ते कृत्रिमरीत्या बनवलं गेलं. तांबड्या पेशी वाढल्या की रक्त जास्त प्राणवायू वाहून नेतं. हे वाक्य मी शंभरदा वाचलं होतं. त्याचा अर्थ मला कळला तो जिन्यावर. चार-पाच आठवड्यांनी तात्या न थांबता वर आले, दारात उभे राहिले, आणि म्हणाले, "आज दम न्हाई लागला." मग मनात आलं, आजारी माणसाला जे औषध जिना चढवतं, ते निरोगी, जगातल्या सगळ्यांत तयार शरीराला काय देत असेल? नव्वदच्या दशकात चाचणी नव्हती. १९९७ मध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं फक्त एवढंच ठरवलं की रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या वर गेलं तर पंधरा दिवस विश्रांती. मर्यादा कळल्यावर तिच्या जरा खालपर्यंत जायचं, हेच मग कौशल्य झालं. पान्तानीला १९९९ च्या जिरोतून, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीतून, जिंकायला दोन दिवस उरले असताना, काढलं ते बावन्न टक्क्यांसाठी.

त्याच सुमारास ऑफिसातल्या एकानं अमेरिकेहून आर्मस्ट्राँगच्या संस्थेची पिवळी रबरी पट्टी आणून दिली. मी ती तात्यांच्या मनगटात घातली. सांगितलं, या माणसाला तुमच्यापेक्षा वाईट कर्करोग होता, मेंदूपर्यंत गेलेला, आणि तो त्यानंतर जगातली सगळ्यांत अवघड शर्यत सात वेळा जिंकला. तात्यांनी ती पट्टी शेवटच्या केमोपर्यंत काढली नाही. मला तेव्हाही शंका होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'लेकिप' या फ्रेंच वर्तमानपत्रानं त्याच्या १९९९ च्या नमुन्यांत ईपीओ सापडल्याचं छापलं होतं, मी ते वाचलं होतं. पण ज्या घरात ती पट्टी होती, त्या घरात मी ते बोललो नाही.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा अहवाल आला. पुढच्या जानेवारीत आर्मस्ट्राँगनं टीव्हीवर कबुली दिली. मी कोल्हापूरला गेलो तो मनात ओझं घेऊनच. तात्या तेव्हा पूर्ण बरे होते. सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्यानं चोरी केली म्हनून माझं दुखनं खोटं हुतं व्हय?" आणि आत जाऊन फाईल घेऊन आले. रिपोर्टांची, एक्स-रेची गुंडाळी त्यांनी त्या पिवळ्या पट्टीनं बांधून ठेवली होती. ती आजही तशीच आहे.

मला तेव्हा राग आर्मस्ट्राँगच्या रक्ताचा नव्हता. तो काळच तसा होता, हे मी मान्य करतो. राग होता तो त्यानं माणसांचं जे केलं त्याचा. ख्रिस्तोफ बासों नावाचा एक फ्रेंच सायकलपटू होता. फेस्तिना प्रकरणात त्याच्याच संघातल्या लोकांनी पोलिसांना सांगितलं की हा एक काही घेत नाही. १९९९ च्या टूरमध्ये तो वर्तमानपत्रात लिहायचा, की या वेगावर माझा विश्वास बसत नाही. सगळा ताफा त्याच्याशी बोलायचा थांबला. चालू शर्यतीत आर्मस्ट्राँगनं त्याला गाठून सांगितलं की तू इथून गेलेलं बरं. एका पहाटे तो बॅग भरून निघून गेला. पोलिसांपुढे ज्याच्या स्वच्छपणाची साक्ष निघाली, त्याला टूरनं घालवलं आणि टाळ्या दुसऱ्याला दिल्या. त्या टाळ्यांत मीही होतो. मी आज शंका घेतो ती पोगाचारवर चिखल उडवायला नाही. पंधरावा, चाळिसावा, शंभरावा येणारा कुणी बासों असेल, तर त्याच्या बाजूनं कुणीतरी प्रश्न विचारायला हवा, म्हणून.

आणि शंका घेणारा माणूस आपल्या माणसाजवळ आला की कसा विरघळतो, हेही मी अनुभवलं आहे. २०१६ मध्ये नरसिंग यादव, तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, रिओ ऑलिम्पिकला जायच्या आधी चाचणीत अडकला. जेवणात कुणीतरी काहीतरी मिसळलं, असं तो म्हणाला. आमच्या कट्ट्यावर एकानंही त्यावर शंका घेतली नाही. मीसुद्धा नाही. भारतातल्या संस्थेनं त्याला मोकळं केलं तेव्हा पेढे आले. मग कुस्तीच्या आदल्या रात्री रिओतल्या क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. कट कुणी केला हे सिद्ध झालं नव्हतं. खरं काय ते मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की हीच सबब एखाद्या स्पॅनिश सायकलपटूनं सांगितली असती तर मी अर्ध्या वाक्यात टीव्ही बंद केला असता.

त्या रविवारी रात्री खिचडी खाताना मित्रानं पोगाचारचा आकडा सांगितला. वजनाच्या दर किलोमागे सात वॉटच्या आसपास ताकद, चाळीस मिनिटं. "हे मला पटत नाही," तो म्हणाला. मी त्याच्याशी वाद घातला, मनापासून. पडद्यावरून काढलेला आकडा वाऱ्यानं बदलतो, वजनाच्या अंदाजानं बदलतो, पुढच्याच्या आडोशाला किती वेळ होता त्यानं बदलतो. पान्तानीच्या काळात ही पोरं तासाला जेवढी साखर पचवायची त्याच्या दुप्पट आता पचवतात, ९० ग्रॅम, १२० ग्रॅम. टायर बदलले, कपडे बदलले, डोंगरावर महिनामहिना राहून सराव होतो. २००८ पासून प्रत्येकाच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवली जाते, एक मोठी उडी दिसली तरी विचारणा होते. हे सगळं खरं आहे. मित्रानं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात आलेली बातमी पुढे केली: मोठे संघ खेळाडूंना कार्बन मोनॉक्साइड हुंगायला देऊन रक्त मोजतात. तेव्हा त्यावर बंदी नव्हती. संघ म्हणत होते, फक्त मोजण्यासाठी. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं ते पुन्हा पुन्हा हुंगायला बंदी घातली. विंगेगोर आदल्या वर्षी म्हणाला होता की जे मी माझ्या मुलीला देणार नाही ते मी घेत नाही. मला ते वाक्य खरं वाटलं होतं. मित्राला नाही. त्यानंही तेच पाहिलं होतं, मीही तेच पाहिलं होतं, आणि दाखवायला दोघांकडेही काही नव्हतं. कोपर वाकवून दाखवता येईल असं काहीच नव्हतं.

मग फायनल. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला स्पेनचा गोल, त्र्याहत्तराव्याला इंग्लंडची बरोबरी. मध्यरात्र उलटून गेली होती. कुकुरेयाकडे चेंडू आला की मैदानातले जर्मन प्रेक्षक त्याला हूट करत होते, आणि चुलतभाऊ इथून त्यांना साथ देत होता. शहाऐंशीव्या मिनिटाला त्याच कुकुरेयानं डावीकडून चेंडू आत टाकला आणि ओयार्झाबालनं सरकत येऊन पाय लावला. गोल. मग तपासणी. आम्ही तिघं उभे. पडद्यावर रेघ आली. ऑनसाईड, अगदी थोडक्यात. सगळं मिळून दोनेक मिनिटांत निकाल लागला आणि जगाला कळला.

अडीच वाजून गेल्यावर फोन वाजला. तात्या. ऐंशीव्या वर्षी एकटे जागे.

"ऑफसाईड हुता काय रं?"

"नव्हता तात्या. मशीननं बघितलं."

"मला हुता वाटला." थोडं थांबून म्हणाले, "आनि तुझ्या सायकलवाल्याचं काय झालं?"

"जिंकला. जुनं रेकॉर्ड तीन मिनिटांनी मोडलं."

"घेतो काय हा बी?"

"माहीत नाही. नमुने दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात त्यांना. पुढे कधीतरी तपासतील."

"धा वर्सं," तात्या म्हणाले. त्यांच्याकडचा टीव्ही मोठ्यानं चालू होता, तिकडे स्पेनची पोरं करंडकाभोवती नाचत होती. "मग तू काय केलंस? टाळ्या वाजवल्यास का न्हाई?"

"हात वर आले होते, तात्या. मग आकडे मांडत बसलो."

"हं." त्यांनी टीव्ही बंद केला असावा, आवाज थांबला. "हिशेब लागला की सांग मला."